बायजाची झोप

८ डिसेंबर
आजपासून चिनी ॲलिगेटरच्या खोलीचा एसी आणि हीटर माझ्या ताब्यात. शारजातल्या आमच्या प्राणीकेंद्रात एकच जोडी. मादीचं नाव मी बायजा ठेवलंय. जंगलात यांची जात अगदी थोडी उरलीय. संकल्प : यंदा अंडी, पिल्लं. ऐंशी पानांची पीडीएफ डाउनलोड केली. उद्यापासून वाचणार.

१५ डिसेंबर
पीडीएफ : पान तीन. विलीने चार्ट दिला. विली म्हणजे या जोडीची देखभाल करणारा, वसईचा, माझा इथला एकमेव मित्र. म्हणाला, हळूहळू बारा डिग्रीवर आण, बिळाखालचा हीटर बंद ठेव. हिवाळाभर हे प्राणी बिळात झोपतात, खात नाहीत. थंडी मिळाली नाही तर जोडी जमत नाही. मी म्हटलं, वीस वर्षं एसीच्या कामात आहे. काम खलास समज.

४ जानेवारी, सकाळी ८
बायजा तीन आठवडे उपाशी! टॉर्च मारला तर अर्धा डोळा उघडून बघितलं. मदत मागत होती, मला लगेच कळलं. शुभ्राला फोटो दाखवला. म्हणाली, पप्पा, शी इज जस्ट स्लीपिंग. आजकालच्या मुलांना भावनाच नाहीत. खोली बारावरच ठेवली. बिळाचा हीटर गुपचूप सव्वीसवर.

९ जानेवारी
बायजा बाहेर आली! मासा खाल्ला! डोळे भरून आले. बायकोला, अनुराधाला सांगितलं. ती म्हणाली, मला ताप आहे ते दिसलं का. विषय वेगळा होता.

१९ जानेवारी
विली काळजीत. ही जोडी जागी कशी, हीटर बंद आहे ना, असं विचारत होता. मी म्हटलं, बंद. तो म्हणाला, तू बघितलंस ना, मग झालं. भोळा माणूस. पिल्लं झाली की सांगेन. मिठीच मारेल.

३ जून
नराने आत्ता डरकाळ्या फोडायला हव्यात. चूप. नरच कुचकामी असावा. विलीने पाणी बदललं, दिवे बदलले, सुट्टी रद्द केली. विजय, माझं काय चुकलं असेल रे, असं मलाच विचारलं. मी खाण्यात गोगलगायी वाढवायचा सल्ला दिला.

१४ जुलै
अंडी नाहीत. केंद्राच्या पशुवैद्य डॉ. अवनींनी बिळातला तापमान-रेकॉर्डर काढून उघडला. विलीने डिसेंबरातच बसवला होता. ग्राफ : ४ जानेवारीपासून पुढे सव्वीस. मला न सांगता यंत्र! मित्राने! विश्वासघात, दुसरा शब्द नाही. अनुराधा म्हणाली, कोणी कोणाचा केला? घरातूनही सपोर्ट नाही.

१५ जुलै
विली भेटला. शिव्यांची तयारी ठेवून गेलो होतो. यंत्र दर वर्षी बसवतात म्हणे. त्या पीडीएफच्या पान नऊवर लिहिलंय. शांतपणे म्हणाला, सहा महिने मी माझी चूक शोधत होतो. तुला विचारलंही होतं.
जेवण गेलं नाही.

२० जुलै
जोडी आज दुसऱ्या केंद्रात पाठवली. तिथे थंडी नीट मिळेल. पेटी उचलायला हात लावला, तर विली म्हणाला, असू दे, आम्ही घेतो. माफीची दोन पानं लिहून नेली होती. तोंडातून फक्त सॉरी निघालं. त्याने मान हलवली. मी विचारलं, जोडी परत आली की आपण पुन्हा एकत्र काम करू ना?
इन्शाल्ला, म्हणाला.
गल्फमध्ये चौदा वर्षं झाली. इथे तोंडावर नाही म्हणायचं नसलं की 'देवाची इच्छा' म्हणतात. याचा अर्थ मला कळतो.