चंपीच्या कानाशी फोन

विंझर, सोमवार संध्याकाळ

चंपीनं आजही ताटलीला तोंड लावलं नाही. टेम्पोखाली मोडलेल्या तिच्या मागच्या पायात भोरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सळई घातली. टाके कोरडे आहेत, पण गोळी उपाशीपोटी देऊ नका म्हणालेत. दूधभात कुस्करून दिला, तरी ही कुत्री आपली दाराकडंच बघतेय. शांताच्या हातचं खायची सवय तिला. आणि आमची शांता नातवापायी पुण्याला, पोराकडं.

शेवटी शांतालाच फोन लावला आणि मोबाईल चंपीच्या कानाशी धरला.

"चंपे, खा गं बाय माझी."

शेपटी हलली. हळूहळू सगळा भात संपला, आतली गोळीसुद्धा. मी फोन तसाच धरून बसलो. तो आवाज इतका निवांत मी तरी कधी ऐकला शेवटचा?

"अवं, खाल्लं का तिनं?"

"खाल्लं. लई आठवण काढती तुझी."

"तीच काढती व्हय?"

ये म्हणावं, तर नातवाला कोण बघणार? आणि या वयात असलं बोलायचं तरी कसं?

"रेंज जातीय," म्हणालो आणि फोन ठेवला.

रेंज चांगली होती. आत्ताही चांगलीच आहे.