मेंढपाळाचा फाटका कान

५ जानेवारी, रविवार
नव्या वर्षाचा निश्चय : कोणाबद्दलही वाईट लिहायचं नाही.

आराधना ठीक. पाळकसाहेबांचा उपदेश नेहमीसारखा, म्हणजे लांब. त्यांची बायको प्रीती पेटीवर. (निश्चय केला आहे म्हणून इथेच थांबते.) मी सगळा वेळ वेदीमागच्या माझ्या चित्राकडे पाहत होते. ‘उत्तम मेंढपाळ’. तैलरंग, माणसाएवढं. अंगावर घोंगडी, खांद्यावर कोकरू, डावा कान फाटका. बाकी चर्चांमधले येशू निळ्या डोळ्यांचे, कॅलेंडरवरून उतरवलेले. जालन्याला जालन्याचा येशू दिला तो मी. चेहरा मला उपास-प्रार्थनेत दिसला, हे मी सर्वांना अनेकदा सांगितलं आहे. फाटका कान म्हणजे जगाने न ऐकलेलं दुःख. त्या कानावर पाळकसाहेबांनी एकदा अख्खा उपदेश केला. माझं नाव न घेता.

परत येताना रिक्षा जुन्या जालन्यातून. धान्याच्या आडतींना लागून नवं मटणाचं दुकान. वर फ्लेक्स. फ्लेक्सवर माझा येशू. तोच कान, तेच कोकरू. कोकराच्या पोटावर लिहिलेलं : ताजे व खात्रीशीर.

रिक्षावाल्यावरच ओरडले. रागाने. निश्चय उद्यापासून.

६ जानेवारी
दुकानात गेले. मालक अंगद, पंचविशीतला, मूळचा कुंभार पिंपळगावचा. हातात सुरा. विचारलं, हे चित्र कोणाचं? म्हणाला, आमच्या आजाचं हाय मॅडम. भुजंगबाबा. दुकान त्यांच्याच नावानं काढलंय.

मी हसले. दात न दाखवता, कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवलं तसं.

तो सांगत सुटला. नाताळाच्या जेवणाचं मटण द्यायला चर्चमधी गेल्तो, तर समोर आजा हुभा. आमच्या घरी फोटो न्हाई त्यांचा, कधी काढलाच न्हाई. पन लहानपनापासून ऐकून राह्यलो, डावा कान लांडग्यानं फाडला म्हणून. मोबाइलात आजीला दाखवला तर आजी खालीच बसली. मंग पाळकसाहेबांना इचारलं, फ्लेक्सवर घेऊ का? ते म्हनले, घ्या की, तो सगळ्यांचाच आहे.

मी त्याला स्वच्छ सांगितलं, हा प्रभू येशू आहे. त्याने मान वर करून नीट पाहिलं. म्हणाला, आसतील बी. पन घोंगडं आमचंच हाय.

८ जानेवारी
पाळकसाहेबांना जाब विचारला. म्हणाले, मगरेबाई, मेंढपाळ मेंढरांमागेच जाणार. स्वतःच हसले.

शांतपणे विचार करता आठवलं. सत्त्याण्णव साली मिशनच्या मैदानात मेंढरं बसली होती. त्यांतल्या एका माणसाला मी काही दिवस व्हरांड्यात समोर उभा केला होता. घोंगडीच्या चुण्यांसाठी. केवळ चुण्यांसाठी. रोज चहा देत असे, बरोबर बेकरीचे बटर. मॉडेलचं नाव विचारायची पद्धत नाही. चेहरा प्रार्थनेतलाच.

संध्याकाळी वंदनाकडे. माझी विद्यार्थिनी, आता कोर्टात वकील. म्हणाली, टीचर, कॉपीराइट तुमचाच. चेहरा त्याच्या आजोबांचा असला तरी फरक पडत नाही. चेहऱ्याचा विषय मी काढलाच नव्हता. ड्रॉइंगमध्येही काठावरच पास होती.

१७ जानेवारी
नोटीस गेली. वंदनाचा मसुदा अगदीच मिळमिळीत, म्हणून मी स्वतः सुधारला. एक, फ्लेक्स ताबडतोब उतरवावा. दोन, यापुढे हे चित्र जिथे म्हणून लावलं जाईल तिथे चित्रकर्तीचं नाव आणि फोन नंबर असावा, आणि ती अक्षरं इतर कुठल्याही मजकुरापेक्षा लहान नसावीत.

वंदना म्हणाली, फ्लेक्सच उतरला तर नाव लावणार कुठे? मी म्हणाले, तत्त्व म्हणून. म्हणाली, आणि फोन नंबर कशाला टीचर? मी म्हणाले, कलेच्या चौकशा येतात.

(रिटायर झाल्यापासून एकही आलेली नाही. लोकांकडे नंबर नाही, दुसरं काय.)

२७ जानेवारी
विजय. फ्लेक्स उतरला. अंगद स्वतः गुंडाळी करून घरी घेऊन आला, दोन्ही अटींवर सही करून दिली. बरोबर त्याची आजी नंदाबाई. चपला बाहेर काढल्या, हे बरं केलं. खुर्ची दाखवली तरी फरशीवर बसली.

म्हणाली, भांडायला न्हाई आले बाई. नोटिशीत सत्त्याण्णव साल हाय म्हनं, त्याच साली ते मेंढरं घेऊन गंगंकडं, गोदावरीकाठी गेल्ते. मेंढरं सापडली, मानूस न्हाई. तुमच्यानंतर त्यांला कुनी पाह्यलं न्हाई. काय बोलत होते वो?

मी प्रामाणिकपणे आठवलं. पहिल्या दिवशी तो काहीतरी सांगायला लागला होता. मी म्हणाले होते, बोलू नकोस, ओठ हलतात. पुन्हा बोलला नाही. असा मॉडेल मला नंतर मिळाला नाही. हे तिला सांगितलं, कौतुकानेच सांगितलं.

ती म्हणाली, काहीतरी म्हंजी काय?

मी म्हणाले, घरचं असावं काही.

बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. शिष्टाचार नाहीत. मग म्हणाली, मोबाइलात लई बारीक दिसतंय, खरं चित्र पाहाय भेटंल का? मी समजावलं, मूळ कलाकृती ही कोणीही यावं आणि पाहावी अशी वस्तू नसते. चहा मात्र दिला. बटर संपले होते.

९ फेब्रुवारी, रविवार
ती चर्चमध्ये आली. पाळकसाहेबांनी आत घेतली. आराधना संपल्यावर वेदीसमोर जाऊन बसली. मला वाटलं, आता कुंकू लावणार. लावलं असतं तर नोटिशीत तिसरं कलम घातलं असतं.

कुंकू लावलं नाही. शिव्या दिल्या. हळू आवाजात, घरातल्या घरात देतात तशा. हितं गुमान हुभा राह्यला व्हय रे. तिकडं मी तुझी माय सांभाळली, लेकरं सांभाळली. सांगून तरी जायचं. कोकरू कसं बराबर धरलंय. बायको तेवढी ध्यानात न्हाई.

मग उठून पदराने त्याचे पाय पुसले. पदर काळा झाला. चित्रावर इतकी धूळ असेल असं माझ्या बाकावरून दिसत नाही. कमिटीचं दुर्लक्ष.

प्रीती पेटीमागे रडत होती. तिला कशानेही रडू येतं.

२३ फेब्रुवारी, रविवार
नंदाबाई आता दर रविवारी. त्याला आठवड्याची बातमी देते. म्हैस व्याली. अंगदला पोरगी पाहून राह्यलो. आज शांत प्रार्थना चालू असताना संडे स्कूलच्या छकुलीने मोठ्याने विचारलं, तो आजीशी बोलत का नाही? मागच्या बाकांवर हसू. मुलांनी त्याचं नाव भुजंगबाबा ठेवलं आहे.

कमिटीचे सेक्रेटरी अप्पाराव बाहेर म्हणाले, बाई, डोळे मिटले की मला मटणाचं दुकान दिसतं. मी म्हणाले, ते तुम्हाला पूर्वीपासूनच दिसत असेल.

पुढच्या रविवारी कमिटी बसणार. मी सविस्तर बोलणार. मुद्दे तयार आहेत.

२ मार्च, रविवार
मुद्दे मांडू दिले नाहीत. एकमताने ठराव : चित्र नंदाबाईला द्यावं. मी ते चर्चला अर्पण केलं होतं, तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या. आज जास्त वाजल्या.

वेदीमागे नवा येशू लागलासुद्धा. फ्लेक्स. फ्लेक्स छापणाऱ्या बबलूच्या दुकानातून, नेटवरून काढलेला, निळ्या डोळ्यांचा. मी विचारलं, याचा कॉपीराइट? अप्पाराव म्हणाले, देवाला कसला आलाय कॉपीराइट.

वंदनाला फोन केला. म्हणाली, टीचर, कॉपीराइट तुमचाच, चित्र चर्चचं. ते कोणालाही देऊ शकतात. तुमची दुसरी अट मात्र चालू राहील. म्हणजे काहीतरी राहिलं.

निश्चय : चर्च बदलायचं.

९ मार्च, रविवार
दुसरं चर्च पाहिलं. पायऱ्या फार आहेत.

१६ मार्च, रविवार
ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ चालू. मटण वर्ज्य, त्यामुळे त्या दुकानाकडे पाहण्याचा प्रश्नच नाही. पण रस्ता खोदला आहे, रिक्षा तिथूनच जाते, आणि आज तिथेच बंद पडली.

माझं चित्र आत, खाटकाच्या लाकडी ठोकळ्याच्या वर. हार घातलेला. नंदाबाई खाली लसूण सोलत बसलेली, मधूनच वर पाहून काहीतरी सुनावत होती. आणि चित्राखाली रस्त्यावरून वाचता येईल असा बोर्ड : मिस एस्तेर मगरे. खाली माझा नंबर. अक्षरं दुकानाच्या नावापेक्षा मोठी. अंगदने अट जशीच्या तशी पाळली आहे.

अक्षरं सुबक आहेत, हे मान्य करायला हवं.

१ एप्रिल
फोन आला. एमआयडीसीतून कोणी रामेश्वर. म्हणाला, मगरे मॅडमच ना? बोर्डावर नंबर पाह्यला. मी म्हणाले, बोला. कंपन्यांच्या ऑफिसात मोठ्या भिंती असतात. त्याने विचारलं, कलेजी हाय का?

४ एप्रिल
खिमा. पाया. एकाने भाव जास्त आहे म्हणून मला झापलं. कॉन्व्हेंटच्या इंग्लिशमध्ये उत्तर दिलं. तो म्हणाला, मालकीणबाई लई कडक हायेत.

वंदना म्हणाली, नंबर पुसायला सांगू का? दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हणाले, घाई नको. एखादी खरी चौकशी यायची आणि नेमका नंबर नसायचा.

१९ एप्रिल, शनिवार
उद्या ईस्टर. सकाळपासून मटणाच्या चौकशांमुळे फोन खाली ठेवला नाही. त्यात प्रीतीचा. वाढदिवसालाही जिचा येत नाही, तिचा. खुर्ची ओढून बसले. दोन शक्यता : उद्याच्या जेवणाचं बोलावणं, किंवा चित्र परत हवं आहे. नाही म्हणायचं, मग तिसऱ्या विनवणीला हो म्हणायचं, असं ठरवलं.

म्हणाली, टीचर, उद्याच्या चर्चच्या जेवणाला मटण लागेल. सगळे म्हणतात, तुमच्याकडे सांगितलं की अंगद चांगलं देतो. मागच्या पायाचं द्या. हाडं कमी. सकाळी सातला मिळेल ना?

आणखी काही बोलेल म्हणून थांबले. ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती.

म्हणाले, थांब. विचारून सांगते.