खदानीच्या टेकडीवरून दिवाळीचा फोटो

बाबा, या दिवाळीले मी टेकडीवर चढून फटाक्यांचे फोटो काढले, अन हे तुमाले सांगितल्याशिवाय मले चैन नाही पडून राहिलं. टेकडी म्हणजे काय, जामुलच्या पुढं खदानीतून काढून टाकलेल्या मातीचा ढीग. भिलाई सारी सपाट, उंच म्हणून तेवढंच. सोबत माझी पोरगी, तिचाच कॅमेरा अन तिपाई. आमच्या कॉलनीच्या कॅलेंडरवर दिवाळीचा एक फोटो लागणार होता, अन मी सगळ्यांसमोर बोलून बसली का तो माझाच लागन. कमिटीतली पोरं हसली. चवथी शिकलेली काकू काय फोटो काढन, असं तोंडावर नाही बोलले, पण मले समजत नाही का?

काम सोपं नाही, बाबा. कॅमेऱ्याचा डोळा उघडाच ठेवायचा अन समोर काळा पुठ्ठा धरायचा. फटाका फुटला का पुठ्ठा बाजूला, विझला का परत समोर. असे किती तरी फटाके एकाच फोटोत जमतात. माझ्यासारखीले एवढा धीर कुठला, पण त्या दिवशी हात असे चालून राहिले होते का मीच पाहत राहिली. वैशाली नगरावर हिरवा फुटला, घेतला. त्याच्या बाजूले सोनेरी झाड उभं राहिलं, तेही घेतलं. पोरगी म्हणे, "मम्मी, बस एक और, फिर फाइनल."

तेवढ्यात लोखंडाच्या कारखान्याकडचं आभाळ लाल झालं. डंपवर उकळत्या स्लॅगचं, म्हणजे भट्टीतून निघालेल्या मळाचं भांडं रोजच्यासारखं उलटलं होतं. तुमाले काय सांगू, तुमची सारी नोकरी त्याच डंपवर गेली. भट्टी दिवाळीलेही थांबत नाही, म्हणून त्या रात्री तुमची ड्यूटी लागायची, अन मी क्वार्टरच्या अंगणात पाय आपटायची, सगळ्यांचे बाबा घरी हायेत, माझेच कावून नाही. मंग आभाळ लाल झालं का आई म्हणायची, "पाह्य, तुह्या बाबानं फटाका फोडला." मी म्हणायची, आवाज कुठं हाय?

पोरगी ओरडली, "मम्मी, ढक ना, पूरा लाल हो जाएगा!" मी पुठ्ठा खाली टाकून देला.

झालं. हिरवा, सोनेरी, सारे त्या लालीत बुडाले. पोरगी कपाळावर हात मारून बसली. कॅलेंडरवर माझा फोटो नाही लागला. कमिटीतल्या पोरानं विचारलं, काकू, कुठं आग लागली होती का? मी म्हटलं, तुही नजर तेवढीच. दुसऱ्या कोणाचा तरी अनाराचा फोटो लागला, चांगला हाय, खोटं कावून बोलू.

हे लिहून उशीखाली ठेवून राहिली, तुमाले आता कोणत्या पत्त्यावर धाडू? पण एक गोष्ट पोरीलेही नाही सांगितली. त्या रात्री टेकडीवर ती म्हणत होती, अजून फटाके फुटून राहिले, दुसरा घे, जिंकशील. घेता आला असता. पण मी शहराकडं पाठ करून, कारखान्याकडं तोंड करून बसली होती, दुसरं भांडं कधी उलटते ते पाहत.