गर्दी नसलेलं पान

३ जुलै, गुरुवार
पोर्टल पुन्हा झोपलं. अख्खी दुपार! बातमीदार मी, आणि आमचीच वेबसाइट बंद असल्याची बातमी मला इथल्याच, बीदरात नौबादच्या चहावाल्याने दिली.
श्रीपतराव — मालक आणि संपादक, दोघेही एकाच सदऱ्यात — म्हणाले, साइटवर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर घ्या. निवडायला प्रेरणा, कारण साइट तीच सांभाळते. आणि मी, कारण मला दुसरं काम नाही असं त्यांचं मत. जाता जाता म्हणाले, कोणतं पान किती उघडलं तेही त्यात दिसेल; महिनाअखेर ज्याला वाचक नाहीत ते सदर बंद. माझ्याकडे न बघता म्हणाले. म्हणजे माझं ‘शब्दमूळ’च. अकरा वर्षं शब्दांची कुळं सांगतोय.

५ जुलै
पहिला विक्रेता. त्याचा पडदा म्हणजे लग्नाचा मांडव — चक्रं, काटे, रंगीत पट्टे. श्रीपतराव खूश. प्रेरणाने एवढंच विचारलं, साइट पडली तर हे मला उठवंल का? तो म्हणाला, चक्र लाल होतं, मॅडम. "आन् बघत कोण बसंल?"
संस्कृत पाठशाळेत आम्ही धुरावरून विस्तवाचं अनुमान करायचो. ह्याने नुसता धूर रंगवून आणलाय.

८ जुलै
दुसरं घेतलं. साधं. दर मिनिटाला स्वतःच एक पान उघडून बघतं. उघडलं नाही की प्रेरणाच्या फोनवर बोंब. त्यात वाचक कुठले ते दाखवणारा ठिपक्यांचा नकाशाही आहे, तेव्हा श्रीपतरावही राजी.

१६ जुलै
‘शब्दमूळ’ — दिवसाला जवळजवळ दीड हजार वाचक! पहाटे तीनलासुद्धा. माझ्या लेखाने लोकांना झोप लागायला हवी होती, उलटंच झालेलं दिसतं.
श्रीपतरावांनी आज बसायला खुर्ची दिली. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, आलेख उलटा धरला नव्हता ना?

२१ जुलै
प्रेरणाला विचारलं, हे इतके नेमाचे वाचक कुठल्या गावचे?
"सर, ते वाचक न्हाईत. यंत्रच हाय. चाचणीला तुमचं पान लावलंय."
"माझंच कामून?"
"त्याच्यावर गर्दी नसती, सर."
मोजणीतून यंत्राला वगळायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. बिचारी ओशाळली. म्हणाली, महिनाअखेरपर्यंत राहू द्या की, कोण बघायलंय? मोह झाला. चहा संपेपर्यंत टिकला.

२२ जुलै
श्रीपतरावांना खरं सांगून टाकलं. त्यांनी लगेच प्रेरणाला बोलावून, आवाज खाली आणून — "तेवढं ते माझ्या अग्रलेखाला लाव की."

३१ जुलै
अग्रलेख पहिला. यंत्र वजा करून ‘शब्दमूळ’चे वाचक सात. सदर बंद.

१ ऑगस्ट
सात! घरात आम्ही दोघंच, त्यात ही वाचत नाही.
प्रेरणाने नकाशा दाखवला. सहा ठिपके बीदरचे — ओळखीचे, भिडेखातर वाचणारे. सातवा आळंदच्या पलीकडे, खजुरीकडचा. रोज पहाटे उघडतो. नवा लेख नसेल त्या दिवशीही उघडून बघतो.
आज पहाटेही बघून गेलाय.
आळंदची बस किती वाजता असते, विचारायला हवं.