पोटुशी परी

खासबाग, बेळगाव
ता. ९ मार्च १९८१

ती. सोनुआक्कास,

मायाप्पाचा सप्रेम जयभीम. इकडं सगळे ठीक आहोत. तुझे गुडघे आणि दाजींचा दमा कसा आहे ते कळव. सुजाताचं लग्न ठरल्याचं वाचून फार आनंद झाला. तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीकडं (काठ दुरुस्त करायला दिलेली साडी) मी येतोच आहे, पण वाटेत थोडं थांबावं लागेल.

झालं असं की, डिसेंबरात इथल्या एका शाळेतल्या बाई जुन्या कॅलेंडरवरचं चित्र घेऊन दुकानात आल्या. पाचसहाशे वर्षांपूर्वीची विलायती राणी. गॅदरिंगच्या नाटकातल्या परीला तसाच झगा हवा होता. आपल्याकडची परी तोवर लुगडं नेसून पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधायची आणि कुणाची तक्रार नव्हती. पण मला सुरसुरी आली. चित्रात पाहिलं तर कंबर छातीखाली, बाह्या जमिनीपर्यंत आणि राणीला सातवा महिना. (तिनं घोळ नुसता मुठीत धरून पोटाशी घेतला होता, हे बाईंनी मागाहून सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं कोण जाणे.) मी आपला माणुसकीनं पोटाला ऐसपैस कळ्या घातल्या आणि आकार राहावा म्हणून आतून कापसाची उशीही बसवली.

गॅदरिंगला पोरं पोट धरून हसली. बाई झगा माझ्या दुकानात टाकून गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. विषय तिथंच मिटायचा, पण जांबोटीच्या नाटकमंडळींनी तो झगा जत्रेसाठी नेला. परी झाला होता देवाप्पा गवंडी. तो मिशी काढून स्टेजवर आला, तशा पुढच्या बायका म्हणाल्या, "सातवा लागलाय गं हिला. ओटी भरल्याबिगर कशी जाऊ द्यायची?" नाटक थांबवून पाच जणींनी खण-नारळानं देवाप्पाची ओटी भरली आणि तो गडी खरोखर रडला. तेव्हापासून अनगोळपासून निपाणीपर्यंत सपाट पोटाची परी लोकांना खोटी वाटते. मी तसले चार झगे आणखी शिवून दिलेत. लोक मला परीवाला मायाप्पा म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

कारण सांगतो. त्या बाह्यांना घोळाइतकंच कापड लागतं, हे मला बाईंचं कापड संपल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी गॅदरिंग, दुकानं बंद. फडताळात तुझ्या लग्नाची पांढरी साडी होती. आईनं वखारीत तंबाखू निवडत, खोकत खोकत घेतलेली. दोन्ही बाह्या त्या साडीच्या आहेत, आक्का. कात्री लावताना मी दोनदा विचार केला नाही, याची आता फार लाज वाटते. सुजाताला आज्जीनं घेतलेली हीच साडी नेसवायची आहे असं तू लिहिलंस, त्या दिवसापासून मशीनवर बसवत नाही.

दाजींना जयभीम, सुजाताला आशीर्वाद.

तुझा अपराधी भाऊ,
मायाप्पा

ता. क. : लग्नात मामा म्हणून मला उभं करशील का, ते कळव. न केलंस तरी मी मांडवाबाहेर येऊन थांबणार आहे.

आणखी ता. क. : झगा मी जांबोटीहून परत आणलाय (देवाप्पा सोडायला तयार नव्हता). बाह्या उसवून तुकडे जोडले तर साडी होईल. शिवणी निऱ्यांत जातील, पदरावरची एक मात्र दिसेल. उसवू का? कापताना तुला विचारलं नव्हतं.