कंबर आणि सहा आकडे

३ जून

चि. टिचकीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, असं तू दर वेळी विचारतेस. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसती हो हो करते. पत्रात मी बोलते आणि तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र.

तर बातमी अशी. गेल्या खेपेला माझी मापांची वही पाहून तू नाक मुरडलंस. इस्त्रीचं पाणी सांडून चार पानं फुगली होती खरी. सगळ्या पानांचे फोटो काढून फोनमध्ये ठेव म्हणालीस. ठेवले बाई. एका हाताने वही दाबून, दुसऱ्या हाताने फोन धरून, सत्तेचाळीस पानं. दोन दिवस लागले आणि मान अवघडली ती वेगळीच. फोटो कसे आलेत ते अजून पाहिले नाहीत, कारण कुठे जाऊन बघायचे ते तू सांगितलंच नाहीस.

त्या वहीत अख्ख्या गल्लीची अब्रू आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. तीस वर्षं शिवणकाम करते, पण एकीचं माप दुसरीच्या कानावर गेलेलं नाही. शाळेच्या हेडबाईंच्या यजमानांनी वाढदिवसाला गुपचूप ड्रेस शिवायचा म्हणून त्यांची कंबर विचारली होती. मी म्हटलं, कापड ठेवा आणि निघा.

म्हणूनच आजचा फोन देवासारखा आला. फोन कंपनीतला माणूस होता, आवाज असा की पाकात बुडवून काढलेला. तुमच्या फोनमधली गिऱ्हाइकांची माहिती उघडी पडली आहे, कुणीही बघेल, असं म्हणाला. मी वही छातीशी धरली. पण तो म्हणाला, घाबरू नका, आता सहा आकड्यांचा मेसेज येईल, तेवढे आकडे मला सांगा, की लगेच कुलूप लावतो. मी एका दमात सांगितले. दोनदा मला मावशी म्हणाला. वहीला कुलूप लागलं एकदाचं! आता तरी खूश ना?

लोभ आहे तसाच राहू दे, आणि खुर्चीत खांदे ताठ ठेवून बसत जा.

तुझी मावशी

६ जून

तीर्थरूप मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आज दुपारी ऑफिसात मिळालं. कुलूप लागल्याचं वाचलं आणि मी अशी उठले की खुर्ची मागच्या साहेबांच्या पायावर गेली. अगं मावशी, कुलूप लागलं नाही, तू किल्ली दिलीस! त्या सहा आकड्यांनी त्याने तुझं मेसेजचं खातं स्वतःच्या फोनवर उघडलं, आणि तेव्हापासून तू म्हणून तोच सगळ्यांशी बोलतोय.

परवा तुझ्या नावाने मला मेसेज आला, की तू दवाखान्यात आहेस, बोलता येत नाही, ताबडतोब पैसे पाठव. आता हस. बँकेच्या तक्रारकक्षात मी दिवसाला चाळीस माणसांना सांगते, की घाई करणारा मेसेज आला की आधी थांबा, मग त्या माणसाला दुसऱ्या वाटेने गाठा. आणि तुझं नाव दिसल्यावर सगळी अक्कल गहाण पडली.  पैसे पाठवायच्या बटणावर बोट टेकलेलं होतं.

तेवढ्यात काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, माझ्या खांद्याचं माप सांग. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं, चौदा इंच. मी हुश्श केलं. तू मरणाच्या दारात असतीस तरी माप सांगितलं नसतंस, वर मला झापलं असतंस.

मग तुझ्या शेजारच्या इस्त्रीवाल्या काकांना फोन लावला. तू मशीनवर ठणठणीत बसली आहेस म्हणाले. पण तू फोनवर यायला तयार नाहीस, आता फोनवर कुणीही भाची होऊन बोलेल, टिचकीचं अक्षर दिसल्याशिवाय काही करणार नाही, असं तुझं म्हणणं. शहाणपण आलं, पण एक दिवस उशिरा!

तर हे माझं अक्षर. ते खातं मी तक्रार करून बंद पाडलं आहे. आता काकांना शेजारी बसव आणि आपल्या नंबरवरून परत आत शिर. पुन्हा सहा आकडे येतील, ते फक्त तू टाकायचे, काकांनासुद्धा दाखवायचे नाहीत. त्यावर फक्त तुलाच ठाऊक असलेला एक चोरआकडा लाव, कसा ते सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय. सायबर पोलिसांत तक्रार नोंदव. आणि गिऱ्हाइकांना तोंडाने सांग, की ते मेसेज माझे नव्हते.

आता खरी काळजी. त्या फोटोंचं काय झालं? तू ते कुणाला पाठवले नसशील तर ते तुझ्या फोनमध्येच असतील. पण इथून मला खात्री देता येत नाही. कुठे बघायचे तेही चिठ्ठीत आहे. फोटो काढ असं मीच सांगितलं होतं, म्हणून मला रात्रंदिवस चुटपुट लागली आहे.

रागावली असलीस तरी लोभ उसवू देऊ नकोस.

तुझी टिचकी

९ जून

चि. टिचकीस आशीर्वाद.

तुझं पत्र येईपर्यंत दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. इस्त्रीवाल्यांनी सांगितलं तेव्हापासून हातात कात्री धरवेना. वाटलं, तीस वर्षं पोटात ठेवलेलं मी एका गोड बोलण्यावर ओकून टाकलं. आता कुठल्या तोंडाने कुणाच्या कमरेला टेप लावू? पाटी उतरवायला स्टूलसुद्धा आणलं होतं, आणि त्यावर बसून मी रडले.

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून एकेक बाई वाकून आत यायला लागली. त्या मेल्याने माझ्या नावाने सगळ्यांना कळवलं होतं, की आपले कपडे दोन दिवस आधीच तयार आहेत, तसदीबद्दल क्षमस्व, उरलेले पैसे पाठवून द्या. अगं, एकीनेही दमडी पाठवली नाही! माझे कपडे कधी दिलेल्या तारखेला तयार झालेत, ते दोन दिवस आधी होणार? सगळ्यांना वाटलं मी आजारी आहे. डॉक्टरीणबाई तर रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊनच आल्या. हेडबाई म्हणाल्या, क्षमस्व हा शब्द वाचला आणि त्यांना घाम फुटला.

मी हसले नाही. सगळ्यांना स्टुलाभोवती उभं करून खरं सांगितलं, की फोन माझ्या मूर्खपणाने गेला आणि त्यात कदाचित तुमची मापंही गेली असतील.  हेडबाईंनी ओढणी पोटावर घट्ट ओढली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तुझं पत्र आलं. तुझा तो वाकडा ट पाहिला आणि धीर आला. चिठ्ठी मांडीवर ठेवून एकेक पायरी चढले. खातं परत मिळालं, चोरआकडा लावला. शेवटी जीव मुठीत धरून फोटो उघडले.

टिचकी, सत्तेचाळीस फोटो, आणि सत्तेचाळीसही माझ्या अंगठ्याचे! काहींत अंगठ्याच्या कडेला टेबल दिसतंय, एकात चष्मा. आकडा एकाही फोटोत नाही. चोराला मिळाले असतेच, तर माझ्या अंगठ्याचं माप तेवढं कळलं असतं. मी हेडबाईंच्या घरी चपला न घालता धावत गेले आणि दारातूनच सांगितलं. आम्ही दोघी पायरीवर बसून इतक्या हसलो की त्यांचं हूक तुटलं. ते तिथेच लावून दिलं.

पाटी जागच्या जागी आहे. इस्त्रीवाले म्हणतात, पुन्हा फोटो काढायचे तर ते शिकवतील. मी म्हटलं, नको, वही फुगली तर फुगू दे.

माया आहे ती वाढव, नसेल वाढत तर आहे तेवढ्यात भागव.

तुझी मावशी

१३ जून

तीर्थरूप मावशीस नमस्कार.

अंगठ्यांचं वाचून मी ऑफिसात इतकी हसले की साहेबांनी पाणी मागवलं. मग त्यांना सगळी गोष्ट सांगावी लागली, तुझं नाव न घेता. तेव्हापासून आमच्या कक्षात फोनवर कुणी म्हातारं माणूस आलं, की आम्ही सांगतो, ते सहा आकडे म्हणजे कमरेचं माप समजा. विचारणारा कितीही गोड असो, सांगायचं नाही. लोकांना पटकन कळतं. इतकी वर्षं आम्ही छापील सूचना वाचून दाखवत होतो, तेव्हा समोरचे जांभया देत होते.

एक गोष्ट मात्र मनात अडकली आहे. मी खांद्याचंच माप का विचारलं? मागच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदाच तयार कोट विकत घेतला. आरशात पाहिलं तर डावीकडून तो घसरत होता. कोट परत करायला गेले, तेव्हा दुकानदाराने टेप लावून सांगितलं, कोट ठीक आहे, तुमचा डावा खांदाच अर्धा इंच खाली आहे. मावशी, मला माहीतच नव्हतं! शाळेच्या गणवेशापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत तूच शिवलेलं घालत आले, आणि कधी कुणी पाहिलं नाही, कुणी चिडवलं नाही. जुने कपडे उसवून बघायचा मोह झाला, पण धीर झाला नाही. तू काय केलंस, एवढं तरी सांग.

उत्तराची वाट बघत, तुझ्या लोभात बुडालेली,

टिचकी

१७ जून

चि. टिचकीस अनेक आशीर्वाद.

काल त्या पाकात बुडवलेल्या आवाजवाल्याचा पुन्हा फोन आला. या वेळी बँकेतून बोलत होता. आवाज मी लगेच ओळखला, टेपसारखाच माझा कानही पक्का आहे. त्याने आकडे मागितले. मी म्हटलं, देते, पण आधी तुझं माप दे, तुला शर्ट शिवायचाय. त्याने हसत हसत छाती सांगितली, बाही सांगितली, गळा सांगितला. मग मी म्हटलं, बाबा रे, स्वतःचं माप असं कुणालाही फोनवर सांगू नये. आणि फोन ठेवला. नंबर पोलिसांना कळवला. त्यांनी मापही मागितलं, ते मात्र दिलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही.

हेडबाईंचा ड्रेस तयार आहे, अवघे आठ दिवस उशिरा. गल्लीत आता सगळ्यांना हायसं वाटलं.

खांद्याबद्दल तू काय लिहिलंस ते मला समजलं नाही. कुणाचा खांदा? गिऱ्हाइकांच्या गोष्टी मी बोलत नाही, आणि तू तर माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सोबत नवा कोट पाठवते आहे. निळा तुला खुलतो.

धुताना फक्त डावीकडचं अस्तर उसवू नकोस.

तुझी मावशी