ड्रम तापला होता

सोमवार, संध्याकाळ. गुदैबिया, आखात.

आज मी दोर सोडून पळालो. इथेच लिहितो, दुसऱ्या कोणाला सांगणार?

जिदहफ्स भागातल्या एका बंगल्यातला वाळका कडुलिंब तुकड्या-तुकड्यांनी उतरवत होतो. वर करवत घेऊन वसईचा डॉमनिक, खाली दोर धरून मी. बुंध्याला बांधलेल्या लोखंडी ड्रमवर दोराचे वेढे घासत जातात, म्हणून ओंडका सावकाश उतरतो. चढण्याआधी डॉमनिक फोनवर बायकोला म्हणाला, "दोरावर आपला माणूस आहे. काळजी करू नकोस."

मोठा ओंडका कडाडून सुटला आणि आपला माणूस गेटबाहेर! परत येऊन बघतो तर ओंडका जमिनीवर, अलगद टेकलेला. नुसत्या वेढ्यांनी उतरवला. ड्रमला बोट लावलं तर चटका बसला.

फांद्यांमुळे डॉमनिकला काहीच दिसलं नव्हतं. खाली उतरून पाठीवर थाप मारली. "काय हळू उतरवलास रे!"

आणि मी काय म्हणावं? "मग! हात बसलाय आता."

हात? तळव्यावर साधा ओरखडा नाही. ड्रम मात्र केवढा तापला होता. भाजलं ते एक बोट, तेही नंतर.

उद्याच्या झाडाला त्याने मलाच मागून घेतलंय.